बरणीतला मासा आणि मुरुडचा कॅमेरा

अलिबागच्या कोर्टात नकला विभागात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. सही, शिक्का, तारीख ताडून पाहायची, कुठलाही कागद खरा धरून चालायचं नाही. निवृत्त झाले, पण सवय तशीच राहिली. घरात मी एकटी आणि काचेच्या टाकीत चार गोल्डफिश.

त्यातल्या सगळ्यांत मोठ्या माशाच्या कल्ल्यांवर एकदा बारीक पांढरे दाणे दिसले. मासे विकणारा म्हणाला, "रोग आहे, सगळ्यांना लागेल. औषध न्या, आणि टाकीपण नवी घ्या." नव्या टाकीचं नाव काढल्याबरोबर माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. तरी भीतीपोटी पाण्यात मीठ घातलंच. माणगावला माशांची पैदास करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "दाणे नेमके कुठे आहेत ते दिसेल असा फोटो पाठवा. अंदाजाने मी औषध सांगत नाही."

माझ्या मोबाइलच्या फोटोत काचेवरचे ओरखडे आले, माझा चष्मा आला, मासा मात्र नुसता नारिंगी डाग. म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, जवळून काढायचं तर लेन्स वेगळी, फ्लॅश वेगळा. दोन्ही वस्तू त्याच्या कपाटात धूळ खात पडलेल्या मला दिसत होत्या. पेन्शनीत ते बसणारही नव्हतं.

मग मोबाइलवर मुरुडची एक जाहिरात सापडली. वापरलेला कॅमेरा, अगदी जवळचं टिपणारा, किंमत फारच कमी. मी फोन लावला. "इतका स्वस्त का?"

"या, बघा, मग ठरवा," पलीकडून एक वयस्क आवाज म्हणाला.

चोरीचा असेल, नाहीतर पाण्यात पडलेला. मी ठरवलं, त्यांच्या बोलण्यावर जायचं नाही, कॅमेरा तपासायला मासाच न्यायचा. त्याला पाण्यासकट मोठ्या बरणीत घातलं आणि एसटीत मांडीवर धरून बसले. वाटेत सारखी झाकण उघडून बघत होते. काशीदच्या वळणांवर पाणी हिंदकळून साडी भिजली.

घर माडांच्या मागे होतं. फोनवरचे ते वयस्क गृहस्थ, गावात सगळे त्यांना चाचा म्हणत, आखातात फोटो स्टुडिओत नोकरी केलेले. कॅमेरा खोक्यासकट माझ्यासमोर ठेवला. मी आधी खोक्यावरचा नंबर वाचला, मग कॅमेऱ्याखालचा. जुळत नव्हता.

"हे खोकं दुसऱ्याच कॅमेऱ्याचं आहे," मी म्हणाले.

"पहिला बिघडलेला निघाला, ताई. दुकानाने बदलून दिला." त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. मजकूर अरबी, पण खाली आपल्याला वाचता येतील अशा आकड्यांत दोन नंबर होते. एक खोक्याचा, एक कॅमेऱ्याचा.

"पण वर बदलून दिला असंच लिहिलंय, हे कशावरून?"

चाचांनी कागद माझ्यापुढे सरकवला. आतल्या दारात त्यांची बायको उभी होती. ती म्हणाली, "नंबर जुळले ना? तरी विश्वास नसेल तर नका घेऊ. आम्ही कुणाच्या गळ्यात मारत न्हाय."

माझे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मग विकताय कशाला?"

चाचांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती, थांबतच नव्हती. "याच्याने आता फोटो हलतो," ते म्हणाले. मी माशाची बरणी पुढे केली.

बरणी बघून त्यांनी मान हलवली. "गोल काचेतून मासा वाकडा येईल." त्यावर चाचींनीच लोणच्याची रिकामी चौकोनी बरणी स्वच्छ धुऊन आणली, मासा पाण्यासकट तिच्यात ओतला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

चाचांनी बरणी उजेडासाठी खिडकीत ठेवली, फ्लॅश बंद करायला लावला. "लेन्स काचेला टेकवा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब येणार नाही. त्याच्या मागे जाऊ नका. तो समोर येईल तेव्हा दाबा."

पहिले कितीतरी फोटो शेपटीचे आले. मग मासा वळला. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर दाणे एकसारखे, फक्त कल्ल्यांवर आणि पुढच्या परांच्या कडेला. अंगावर एकही नाही.

तो फोटो तिथूनच मोबाइलवर घेऊन माणगावला पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "अहो, हा नर आहे. जोडीच्या दिवसांत नराला असे दाणे येतात. याला काही झालेलं नाही. मीठ घातलं असेल तर पाणी बदला."

मी ते चाचांना सांगितलं. चाचा मोठ्याने हसले आणि आत वळून म्हणाले, "ऐकलंस काय? नवरदेव हाय तो!"

चाची बाहेर आल्या, वाकून बरणीत पाहिलं. मी म्हणाले, "मघाशी मी बोलले ते चुकलं माझं."

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. एवढंच. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, आणि ते विचारायचा मला हक्कही नव्हता. चहा पिऊन मी कॅमेरा घेतला. निघताना चाचांनी तो अरबी कागद आठवणीने माझ्या पिशवीत घातला.