कोपरापर्यंतच्या बाह्या

ही गोष्ट मी चाळीस वर्षांहून जास्त काळ टाळली. बायकोला सांगितली नाही, ती गेली. मुलाला सांगितली नाही. लिहायला बसलो तेव्हाही तीनदा कागद फाडले, कारण दर वेळी मी स्वतःला होतो त्यापेक्षा थोडा बरा लिहीत होतो.

आमचं घराणं तंजावरकडचं. घरची मराठी जुनी, निम्मी तमिळ मिसळलेली; पुण्याचा माणूस ती ऐकून हसतो. इथे मी पुस्तकातली मराठी लिहितो आहे. निदान भाषेच्या आड तरी लपता येऊ नये.

गेल्या महिन्यात नात ऑफिसातून आली ती घाईतच. अंबत्तूरच्या कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यांच्याकडे शुक्रवारी जुन्या फॅशनचा दिवस होता.

"ताता, सिक्स्टीजमध्ये तुम्ही लोक काय घालायचात? खरं सांगा. अम्मा म्हणते तुम्ही जन्मतःच वेष्टी नेसून आलात."

मग मी सांगत सुटलो. नळीसारख्या पँटी, पाय आत जावा म्हणून पावलाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा आणि मग ओढून काढायचा. टोकदार बूट. कपाळावर केसांचा फुगा. मुलींच्या नायलॉनच्या साड्या, उशी घातल्यासारखे मोठे अंबाडे. ती पोट धरून हसली. मग माझ्या कपाटातले जुने कागद उपसताना तिला एका लिफाफ्यात एक फोटो सापडला. एकोणीस वर्षांची मुलगी, बाह्या नसलेला ब्लाउज, मान किंचित वर.

"अय्यो, ही कोण? हिरोईन?"

"ओळखीचं कुणीतरी," मी म्हणालो.

ती माझी धाकटी बहीण. त्या दिवशी तिला जाऊन दोन महिने झाले होते.

फोटो काढला तेव्हा आम्ही मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीत राहायचो. मी तेवीस वर्षांचा, अंबत्तूरच्या नव्या वसाहतीत एका लहान कारखान्यात कारकून. अप्पा सरकारी कचेरीत. शेंडी, गंध, पंचांग. घरातल्या मुलाने ढगळ पँट घालावी, केसांना तेल लावावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि मी ते घरात पाळत होतो. माझी नळीची पँट, बूट आणि केसांना लावायची क्रीम मैलापूरला एका मित्राच्या खोलीत असायची. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. मी घरी ओव्हरटाइम सांगायचो, मित्राकडे जाऊन कपडे बदलायचो आणि माउंट रोडवर हिंडायचो. संध्याकाळी पुन्हा तेल चोपडून अप्पांचा मुलगा.

हे फक्त बहिणीला माहीत होतं. उशीच्या अभ्र्याला क्रीमचा वास यायचा. अम्माच्या नाकाला लागायच्या आत ती अभ्रा धुऊन टाकायची. "अण्णा, आज फुगा जरा कमी काढ," म्हणायची, "काल तेलातूनसुद्धा दिसत होता." तिने कधी कुणाला सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या वर्गातल्या काही मुली बाह्या नसलेले ब्लाउज घालून यायला लागल्या होत्या. ती मात्र दोन वेण्या आणि परकरावर दावणीची अर्धी साडी. एके दिवशी तिने मला विचारलं, "एक फोटो काढू या का रे? एकच. मी कशी दिसते एवढं मला बघायचंय." घालून हिंडायची तिची हौस नव्हती. तिला फक्त बघायचं होतं.

जुन्या ब्लाउजच्या बाह्या तिनेच कापल्या आणि हाताने टाके घातले. साडी मैत्रिणीची. स्टुडिओपर्यंत तिने पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून घेतला होता. फोटोग्राफर म्हणाला, "हसा." तिला हसू येईना, इतकी ती गंभीर झाली होती. फोटो तसाच आला आहे.

येताना बसमध्ये उकडत होतं आणि ती खुशीत होती. पदर खांद्यावरून सरकला तो तिने सावरला नाही. ती बायकांच्या बाजूला बसली, मी तिच्या शेजारी दांडा धरून उभा. आणि मी बोलायला लागलो. मराठीत, मोठ्याने.

मद्रासमध्ये वाढलेल्या आमच्या लोकांना ही सवय असते. रस्त्यात, बसमध्ये, दुकानात मराठी म्हणजे आमची भिंत. भाजीवाल्यासमोर भाजीला नावं ठेवायची, शेजारणीसमोर शेजारणीला. कुणाला काय कळतंय?

त्या दिवसांत तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा तिरुच्चीला कॉलेजात शिकवायचा. लग्नानंतर बी.ए. पुरं करू दे, असं त्याने स्वतःहून कळवलं होतं. तिला तो आवडला होता. त्याचा फोटो ती तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवायची. मी तोच विषय काढला.

"आजचा फोटो तिरुच्चीला पाठवू. तुझा प्राध्यापक खडू टाकून पळत येईल."

"गप्प बस रे."

"आणि सासऱ्याची शेंडी पाहिलीस? लग्न झालं की तिला रिबन बांध. लाल."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हातातल्या पर्सने तिने मला मारलं. "बाह्या तेवढ्या जपून ठेव गे," मी म्हणालो, "सासरी परत शिवाव्या लागतील."

पलीकडच्या बाकावर एक म्हातारा तमिळ वर्तमानपत्र वाचत होता. वेष्टी, कपाळाला चंदन. त्याने एकदा पेपर खाली करून आमच्याकडे पाहिलं. मग स्टॉप आल्यावर तमिळमध्ये "वाट द्या" म्हणत उतरून गेला.

तो तिरुच्चीच्या त्या मुलाचा मामा होता; तिचा फोटो त्याने पाहिलेला होता, मला मात्र कधी नाही.

चार दिवसांनी स्थळ आणणाऱ्या आजीबाई घरी आल्या. पाटावर बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. "मामांनी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. आपल्याच भाषेत, हो! तुमची लेक उघड्या दंडांनी बसमध्ये खिदळत होती. बरोबर एक टेडी, फॅशनवाला, नळीच्या पँटीतला. कुणाचा कोण जाणे. आपल्यातलाच, एवढं बोलण्यावरून कळलं. हिने त्याला भर बसमध्ये हाताने मारलं म्हणे, लाडाने."

अप्पांनी तिला हाक मारली. ती आली आणि तिने क्षणभरही न घाबरता सांगितलं, "अण्णा होता माझ्याबरोबर."

तिच्या तोंडावर चक्क सुटका होती. तिला वाटलं, संपलं. दंडांबद्दल बोलणी खावी लागतील, पण बाकीचं मिटलं.

अप्पा माझ्याकडे वळले. मी ढगळ पायजम्यात, केसांना तेल.

"तू होतास?"

"नाही अप्पा."

"शनिवारी कुठे होतास?"

"अंबत्तूरला. ओव्हरटाइम होता."

"असली पँट आहे तुझ्याकडे?"

"नाही."

का म्हणालो, ते मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं आहे. अप्पा मारतील अशी भीती नव्हती. कमावत्या मुलाला कोण मारतं? सासऱ्याच्या शेंडीबद्दल मी जे बोललो होतो ते मामाने ऐकलं होतं, त्याची लाज होती. पण खरं कारण याहून क्षुद्र आहे. अप्पा लोकांना सांगायचे, "आमचा थोरला अजून बिघडला नाही." मला ते वाक्य सोडवत नव्हतं. आणि ती पँटही.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. मैलापूरची खोली, मित्राचं नाव, क्रीमची बाटली. एक वाक्य पुरलं असतं. तिने मान खाली घातली. माझं गुपित तिने तिथेही राखलं.

दोन दिवसांत सांगू, मी ठरवलं. दोन दिवसांत स्थळ मोडलं. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग? आठवड्याने तिचं कॉलेज बंद झालं. मी म्हटलं, अप्पा शांत झाले की सांगेन. चार महिन्यांनी मन्नारगुडीजवळच्या एका गावात, चौदा वर्षांनी मोठ्या बिजवराशी तिचं लग्न लावलं. "मिळाला हेच नशीब," आजीबाई म्हणाल्या. मांडवात मी पाहुण्यांवर पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी, शिंपडत होतो.

फोटो मीच स्टुडिओतून आणला होता. घरात कुणाला दिसला असता तर पुरावा झाला असता, म्हणून लपवला. ती कशी दिसते हे तिला बघायचं होतं. ते तिने कधीच पाहिलं नाही.

वर्षभरात नळीच्या पँटी जुन्या झाल्या. मी माझी मित्राला देऊन टाकली. पुढे बेलबॉटम आले, आणि माझ्या धाकट्या भावाला ते अप्पांनी स्वतः शिंप्याकडे नेऊन शिवून दिले. "जग बदलतंय, आपण किती अडवणार," म्हणाले. मी तिथेच उभा होतो.

नवरा गेल्यावर ती मुलाकडे आवडीला, मद्रासजवळच्या गावी, आली. तो तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात. सरकारी क्वार्टर, मागे चिंचेचं झाड. मी दर महिन्या-दीड महिन्याने लोकलने जायचो. गुडघे, साखर, डोळ्यांचे थेंब, एवढंच आमचं बोलणं. ती कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायची. लग्नापासून तसेच. मे महिन्यातल्या आवडीत बगलेपासून कोपरापर्यंत कापड भिजलेलं असायचं. सून म्हणायची, "अत्तै, आखूड शिवून घ्या ना." ती म्हणायची, "सवय आहे गे."

मागच्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरअखेर, एका दुपारी सून स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. तिचा नातू आरशासमोर केसांना जेल लावून उभे करत होता. ती त्याच्याकडे बघून हसली आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अण्णा, तुझी ती नळीची पँट कुठे गेली रे?"

तिने दार उघडून दिलं होतं. चाळीस वर्षांनी, हसत, मला सोपं जावं म्हणून.

मी म्हणालो, "कुठली पँट?"

ती उठली. मग म्हणाली, "काही नाही. कॉफी घेणार?"

मी परतीच्या लोकलमध्ये पेरंबूरपर्यंत उभा होतो. बसायला जागा होती, मला दिसली नाही. पुढच्या रविवारी मी फोटो खिशात घालून गेलो. घरात सुनेच्या माहेरची माणसं होती. त्यांनाही मराठी येते. त्या घरात सगळ्यांनाच येते, तमिळ येते, इंग्रजी येते. दिवसभर मी तिला एकटी गाठायला बघत होतो आणि ती पाहुण्यांना वाढत होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती अतिदक्षता विभागात होती. मेंदूत रक्तस्राव.

पाच मिनिटं आत सोडलं. नाकात नळी, डोळे अर्धवट उघडे. शेजारी केरळची नर्स यंत्राचे आकडे लिहीत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. बसमध्ये कुणाला कळत नाही असं मानून मी इतकं बोललो होतो. इथे खरोखरच कुणाला कळत नव्हतं. खिशात फोटो. मी वाकलो, तिच्या कानाशी तोंड नेलं. ओठ हलवले. आणि म्हणालो, "घाबरू नकोस. बरी होशील."

नर्सने घड्याळ दाखवलं. गुरुवारी ती गेली.

शेवटची साडी माहेरची लागते. धाकटा भाऊ आधीच वारलेला, माहेरचा म्हणून मीच उरलेला. टी. नगरच्या दुकानात मी हिरवी घेतली. साडीबरोबर ब्लाउजचं कापड होतं, पण शिवायला वेळ कुठला? सुनेने तिच्याच कपाटातला ब्लाउज काढला. कोपरापर्यंत बाह्यांचा. त्यातच ती गेली.

तेराव्याच्या पंगतीत माझ्या मागे दोन म्हाताऱ्या नातेवाईक बोलत होत्या. "लग्नाआधी हिचं काहीतरी होतं म्हणे. कुणी टेडी होता." तिचा मुलगा ताक वाढत होता. त्याने ऐकलं. त्याचा हात थांबला, मग त्याने पुढच्या पानावर ताक वाढलं. त्याने हे पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, हे मला त्याच्या हातावरून कळलं.

म्हणून लिहितो आहे. हे त्याने वाचावं. तिच्या सुनेने, नातवाने, माझ्या नातीने वाचावं. त्या मुलीचं लग्नाआधी काही नव्हतं. तिला एक भाऊ होता, एवढंच.

आणि तिला जे सांगायचं होतं ते असं. मी ते आवडीच्या लोकलमध्ये इतक्यांदा घोकलं आहे की शब्द झिजले. होय, पँट होती. मैलापूरला ठेवायचो, तुला माहीत आहे. बसमध्ये मीच होतो. अप्पांनी विचारलं तेव्हा तू खरं बोललीस आणि मी खोटं बोललो. हा तुझा फोटो. बघ, तू अशी दिसत होतीस. मला क्षमा कर.