साइट हलवली आणि टिंग वाजलंच नाही

मागच्या सोमवारी मी जरा जास्तच हुशारी केली. सकाळी नऊला, बीदरच्या आमच्या घरी, चहाचा कप बाजूला ठेवून रक्तदात्यांची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली... आणि पुढचा अख्खा दिवस माझ्या जिवात जीव नव्हता.

मी कॉम्प्युटर क्लास घेते, आणि ही साइट हौसेने चालवते. जिल्ह्यातले रक्तदाते तिचे मेंबर आहेत. कुणाला रक्त लागलं की घरचे लोक लॉगिन करून विनंती टाकतात, तालुक्यातल्या त्या रक्तगटाच्या मेंबरना साइटवरून आपोआप मेल जातो, आणि ज्याला जमेल तो त्यांना फोन करतो.

जुनं होस्टिंग ऐन वेळी झोपायचं. म्हणून मॅनेज्ड होस्टिंग घेतलं, म्हणजे सर्व्हरची काळजी कंपनीने करायची आणि आपण निवांत राहायचं. निवांत राहणं मला जमलं असतं तर! गॅस बंद केला का हे बघायला बसस्टँडवरून घरी परत आलेली बाई आहे मी.

साइट मात्र अर्ध्या तासात हलली. पानं उघडली, पासवर्ड चालले, मेंबरची यादी जशीच्या तशी. कंपनीच्या चॅटवर 'सगळं ओके' आलं आणि मी गार झालेला चहा गरम करून प्यायले.

दहाला हुमनाबादच्या सविताअक्कांची विनंती आली. त्यांच्या सहा वर्षांच्या गौरीला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. मंगळवारी तिचा नंबर होता आणि बीदरच्या रक्तपेढीत तिच्या ग्रुपची पिशवी शिल्लक नव्हती. तपासणीला वेळ लागतो, म्हणून कुणीतरी आजच, पाचच्या आत येऊन रक्त द्यायला हवं होतं.

एरवी मला याची काळजी नसते. हुमनाबाद तालुक्यात तिच्या ग्रुपचे एकोणीस मेंबर आहेत, सगळे दुबलगुंडी गावचे, तिथल्या रक्तदान शिबिरात नोंदवलेले. गेली दोन वर्षं अक्कांना तासाभरात फोन येतोच... 'साइट असावी तर अशी' हे मी चार ठिकाणी सांगूनही झालंय.

अकरा वाजले. बारा वाजले. मग अक्कांचा फोन आला, "म्याडम, आजून कुणाचाच फोन न्हाई. आज काय झालंय?"

येईल, लोक कामात असतील, असं म्हटलं खरं. पण फोन ठेवताच कॉम्प्युटरकडे धावले.

दहा वेळा लॉगिन करून पाहिलं. विनंती ठळक अक्षरात दिसत होती, चॅटवाले पुन्हा 'ओके'च म्हणत होते. मेंबरना थेट फोन करावा तर फॉर्ममध्ये मी मोबाईल नंबर घेतलेलाच नाही... उगाच कुणी त्रास देईल म्हणून फक्त मेल आयडी. तीही माझीच हुशारी!

ओळखीतल्या सगळ्यांना विचारलं. कुणाचा ग्रुप वेगळा, कुणाला ताप, नवऱ्याने मागच्याच महिन्यात दिलेलं. घड्याळात दीड वाजला होता आणि मला मनापासून रडू येत होतं.

त्यात एक अनोळखी नंबर सारखा वाजत होता. कुणाचं तरी लॉगिन बंद पडलंय आणि तो आता माझी खरडपट्टी काढणार, असं वाटून मी तीनदा कट केला. नवरा वैतागून म्हणाला, "उचल की! कामून कट करायलीस? खातोय का तुला फोन?"

चौथ्यांदा उचलला.

"म्याडम, मी दुबलगुंडीहून शरणप्पा. मोबाईलचं दुकान हाय माजं. साइटच्या खाली तुमचा नंबर घावला." मग आवाज खाली गेला. "ते गौरी लेकरू... बरं हाय ना?"

मला काही उमजेना. हा माणूस कोण, आणि याला गौरी कशी माहीत?

"दर तीन हप्त्याला सोमवारी तिचा मेल येतोय. सकाळपासनं दुकानात बसलोय, टिंग वाजलंच न्हाई. म्हणून भ्या वाटलं... लेकराला काय झालं का."

मग हळूहळू सगळं कळलं. शिबिरात माझा फॉर्म मेल आयडी मागत होता आणि गावात कुणाकडे तो नव्हता. शरणप्पा अण्णांनी एकेकाला नवा आयडी काढून दिला, आणि ते एकोणीसच्या एकोणीस आयडी उघडतात त्यांच्या दुकानातल्या एकाच मोबाईलवर.

विनंती गेली की तो मोबाईल एकोणीस वेळा वाजतो. मग कोण शेतात आहे, कोण हैदराबादला, कुणी नुकतंच दिलंय, हे बघून अण्णा एकाला तयार करतात, त्याला अक्कांना फोन करायला लावतात आणि बीदरच्या गाडीत बसवून देतात. दोन वर्षं! त्या एकोणिसांपैकी एकानेही माझी साइट कधी उघडलेली नाही...

मी म्हटलं, अण्णा, गौरी बरी आहे, फक्त रक्त हवंय. "व्हय का!" ते इतके मोठ्याने हसले की माझे डोळे भरून आले. साडेचारला रक्तपेढीत दोघं हजर... एकाचं जमलं नाही तर दुसरा असावा म्हणून.

मग मी चॅटवर नेमकं मेलबद्दल विचारलं. त्यांचा सर्व्हर आपोआप मेल पाठवत नाही, त्यासाठी वेगळी सेवा जोडावी लागते. तसं साइट हलवण्याआधी भरायच्या त्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं, मीच न वाचता टिक केलं होतं.

जोडणी केली आणि एक टेस्ट मेल त्या एकोणीस जणांना पाठवला. लगेच फोन वाजला.

"वाजायलंय म्याडम! एकोणीस. मोजलं मी."

मंगळवारी गौरीला रक्त चढलं. अण्णा, तीन वेळा तुमचा फोन कापला, माफ करा... आणि तरी तुम्ही चौथ्यांदा लावलात, त्याचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.