सात एकांचा आकडा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता. वाटला तो थेट पन्नाशीनंतर, आणि तोही वरच्या मजल्यावरच्या विधुर घड्याळजीचा.

घड्याळजीनं त्याच्या बायकोला एक आकडा दिला होता. ओळीनं सात एक, म्हणजे अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. "वहिनी, हा कशानं तरी फुटतो की मूळ संख्या आहे, शोधा. पण हातानं भागाकार करून हं!"

झालं! शिवणयंत्र थांबलं की कापड बेतायच्या खाकी कागदावर तिचे भागाकार सुरू. रोज संध्याकाळी एक नवी मूळ संख्या घ्यायची आणि भाग लावून बघायचा. रविवारी घड्याळजी चहाला आला की दोघं त्या कागदावर डोकी खुपसून हसत बसायची. नवरा आत कप विसळत राहायचा.

"एवढं हसण्यासारखं काय आहे त्यात?" एकदा त्यानं विचारलंच.

"अहो, तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, यातल्या कशानंही भागा, बाकी एकच उरते! कसला हट्टी आकडा आहे!"

आपल्या कुठल्याही गोष्टीवर ती अशी शेवटची कधी हसली, ते त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या मशीनखोलीत डबा बाजूला सारून तो फोनवर भागाकार करत बसला. जेवणाची सुट्टी संपायच्या आत आकडा फुटला.

रविवारी घड्याळजीच्या हातात कप देता देता तो म्हणाला, "दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. फुटला तुमचा आकडा!"

कुणीच हसलं नाही. बायकोनं पेन्सिल खाली ठेवली.

"मी दोनशे एकोणतीसपर्यंत आले होते," ती म्हणाली. "दोन दिवसांत मलाच सापडला असता."

"अगं, मला वाटलं, तू खूश होशील."

"फोनवर केलंत?"

घड्याळजीनं खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अकरा एकांचा घ्या, वहिनी. तो जास्त चिवट आहे."

बायकोनं नवऱ्यासमोर हात पसरला. "फोन द्या इकडे. आणि उभे काय राहिलात? बसा. तीननं तुम्ही भागा, सातनं मी."

तो निमूटपणे बसला आणि जिभेचं टोक दातांत धरून एकेक अंक खाली उतरवू लागला. पाच-सहा अंक झाले असतील, तोच ती फस्सकन हसली.

"अहो, अंकांची बेरीज करा ना! अकरा आली. तीननं भाग कसा जाईल त्याला? उगीच कागद कशाला खराब करताय?"

ती चांगली पोट धरून हसत होती. त्याच्यावरच हसत होती, तरी त्याला बरं वाटलं. फक्त मान वर करून त्यानं पटकन बघून घेतलं, घड्याळजीही हसतोय का ते.