कोपऱ्यावरचं मशीन आणि कुंटेकाका

श्री. दिगंबर कुंटे यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं हॅनोव्हरच्या आपल्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. गौरवलेखाला जो आनंदाचा सूर लागतो, तो यंदा माझ्याकडे नाही. पण कुंटेकाकांविषयी मी लिहायचं नाही तर मग कुणी, असंही वाटलं. तेव्हा सूर रडका लागला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

काकांची माझी पहिली भेट त्यांच्या घराजवळच्या कोपऱ्यावर झाली. तिथल्या किऑस्कच्या भिंतीत पैसे काढायचं एक मशीन आहे. मी सांगलीहून शिकायला आले होते, येऊन काही आठवडेच झाले होते. हातात एकदम जास्त पैसे आले की उडतात, ही आईची शिकवण. म्हणून मी लागतील तसे दहा-दहा युरो काढायची आणि स्वतःला फार शहाणी समजायची. त्या दिवशीही फोनवर आईशी बोलत बोलत बटणं दाबत होते. मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "थांबा. हिरवं बटण दाबू नका."

मी पर्स पोटाशी धरून वळले. लोकरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ चार पावलं लांब, हात मागे बांधून उभे होते. "स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचलंत का?" त्यांनी विचारलं. मला जर्मन कुठलं येतंय? समोर येईल त्याला मी हिरवं बटण दाबून मोकळी होत होते. त्यांनी लांबूनच समजावलं. मशीन माझ्या बँकेचं नाही, म्हणून दहा युरो काढले की वर जवळजवळ पाच युरो कापले जाणार. मशीन तसं आधी सांगतं, आणि हिरवं दाबलं की आपण कबूल झालो. म्हणजे माझ्या काटकसरीतला केवढा तरी वाटा रोज त्या भिंतीत जात होता.

त्यांच्यामागे भाजीची पिशवी घेतलेल्या शालिनीकाकू होत्या. "अहो, घाबरली ना ती," त्या म्हणाल्या. "अगं, हे असेच आहेत. लाल बटण दाब, कार्ड घे आणि चल घरी. पोहे करते."

पोहे झाले, चहा झाला. निघताना काकूंनी आपल्या पर्समधून दहा युरोंची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. "खाऊला. पहिल्यांदा घरी आलीस, रिकाम्या हातानं जातात का?" मी नको नको म्हणत असताना काका म्हणाले, "घ्या. यावर फी लागत नाही." त्या घरातून पुढे कुणीही मूल रिकाम्या हातानं बाहेर पडलेलं मी पाहिलं नाही. तो काकूंचा नेम होता, आणि त्यासाठीच्या नोटा त्या स्वतःच्या कार्डानं स्वतः काढून आणत.

काकांनी यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून जे काम केलं, त्याबद्दल जाणकार लिहितीलच. मला त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायचं आहे. चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये आपली मंडळी दर महिन्याला जमते. जेवणं झाली की काका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत आणि नव्या पोरांना नावगाव विचारायच्या आधी विचारत, "खातं कुठल्या बँकेत?" पोरं फोन पुढे करत आणि काका कापलेल्या एकेका रकमेवर बोट ठेवत.

एका पीएच.डी. करणाऱ्या मुलाचं घरभाडं स्टायपेंड जमा व्हायच्या आदल्या दिवशी आपोआप वळतं व्हायचं. खात्यात पैसे नसले की ते परत फिरायचं आणि घरमालकीण त्याचा दंड लावायची. बिचारा कर्ज काढायच्या गोष्टी करू लागला होता. काकांनी त्याच्याकडून एक जर्मन वाक्य पाठ करून घेतलं आणि समोर बसवून मालकीणबाईंना फोन करायला लावलं, की भाड्याची तारीख चार दिवस पुढे घ्या. बाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणत लगेच कबूल झाल्या. काका स्वतः बोलू शकले असते, पण तसं त्यांनी कधी केलं नाही. मला नोकरी लागली आणि माझं विद्यार्थ्यांचं फुकट खातं गुपचूप फीचं झालं, तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "पगार इथंच येतो ना? मग विचार की त्यांना." विचारलं आणि फी माफ झाली. न विचारता कोण सांगतंय? भारतात कार्ड वापरताना मशीननं युरो की रुपये असं विचारलं की रुपये म्हणायचं, खात्यात पैसे नसताना शून्याखाली जायची बँकेची सवलत म्हणजे महाग कर्ज, हेही सगळं त्या टेबलावरचंच शिक्षण.

काही जण पाठीमागे त्यांना चिक्कू म्हणत. अशा एकाला मी तिथल्या तिथे झापलं होतं. काका मात्र हसले. "अगं, फी द्यायला माझी ना नाही. कळून दिली तर तो खर्च. न कळता गेली तर ते नुकसान." माझे वडील गेले त्या दिवशी मला विमानतळापर्यंत सोबत करणारा हा माणूस चिक्कू असेल, तर मला असेच चिक्कू मिळोत.

आता जे लिहायचं ते लिहवत नाही. गेली काही वर्षं शालिनीकाकूंची आठवण जाते आहे. आधी जिन्नस विसरले, मग माणसं. मला त्या प्रेमानं विचारतात, "तू कुणाची गं?" पण आपण निघायला उठलो की अजूनही म्हणतात, "थांब हं, खाऊला देते." पर्समध्ये नोट नसली की कासावीस होतात, रडतात. काकांनी घरात नोटा आणून ठेवल्या, तर म्हणाल्या, "या तुमच्या. मला माझ्या द्यायच्यात." त्यांच्या बँकेची जवळची शाखा बंद झाली. दुसरी ट्रामनं जाण्याइतकी लांब आहे, तिथे काकू घाबरतात. ओळखीचं उरलंय ते कोपऱ्यावरचं मशीन.

गेल्या हिवाळ्यात मी निघाले तेव्हा दोघंही कोट घालून माझ्याबरोबर खाली आले. काकू मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि काका चार पावलं मागे, हात मागे बांधून. फीची रक्कम स्क्रीनवर आली. काकूंनी हिरवं दाबलं. मला राहवलं नाही. "काका, पाच युरो गेले."

"माहीत आहे गं." ते काकूंकडेच बघत होते. "माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही. पिन अजून चुकत नाही. नोट हातात आली की वळून माझ्याकडे बघते ना, तेवढा वेळ ती माझी शालू असते. हे मी कळून देतोय."

काकू खरंच वळल्या, त्यांच्याकडे बघून हसल्या आणि नोट माझ्या हातावर ठेवली. "खाऊला. जपून जा हं." ट्राममध्ये बसल्यावर मी लहान मुलीसारखी रडले.

त्यांची मुलगी अनघा दूर दक्षिणेत, गेर्लिंगेन गावी नोकरी करते. आईचं कार्ड काढून घ्या, असं ती वडिलांना जर्मनमध्ये परोपरीनं सांगत होती, आणि तिचं काही चूक नव्हतं. काका म्हणाले, "कार्ड घेतलं तर ती घराबाहेर कशाला पडेल?" मग एकदा अनघा त्या दोघांबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर ती फक्त "जा, पापा" म्हणाली, म्हणजे जर्मनमध्ये "बरं, बाबा." कार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मागच्या महिन्यात काकूंचं बोट पिनच्या मधल्या आकड्यावर अडलं. मी पुढे होणार तोच काकांनी मला हातानं थांबवलं. मागे एक माणूस ताटकळत होता. काका जागचे हलले नाहीत, हात पुन्हा मागे बांधून काकूंच्या बोटाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं बोट सरकलं. एक दिवस ते सरकणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

पूर्वी काकू दर वटपौर्णिमेला म्हणायच्या, "देवानं मला यांच्या आधी न्यावं, सवाष्ण." काका चिडायचे, त्यांना असलं जुनाट बोलणं खपत नसे. या लेखाच्या शेवटी काय शुभेच्छा देऊ, असं मी परवा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "शतायुषी वगैरे लिहू नकोस. तिच्यापेक्षा एक दिवस जास्त, एवढंच माग."

काका, तेवढंच मागते. पाय शाबूत राहोत, डोळे नीट राहोत, आणि काकूंपेक्षा एक दिवस तरी तुम्हाला जास्त मिळो. तोवर कोपऱ्यावरचं ते मशीन तिथंच राहो, आणि कापायचे तेवढे पैसे कापो.