कुलूपसरांच्या नऊ वह्या

कुलूपसर हे नाव पोरांनी ठेवलेलं. ते कुणी काढलं याचा तपास सरांनी दोन वर्षं केला होता.

अकरा वर्षं दर आठवड्याला विद्यापीठातल्या तळ्याचं पाणी तपासून त्यांनी नऊ वह्या भरल्या होत्या. एवढ्या नोंदी दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या, आणि तोच तर घोर! संगणकावर चढवाव्यात, तर कोण डोकावेल याचा काय नेम? शुक्रवारी विभागातले सगळे आपले कच्चे लेख चहाच्या टेबलावर ठेवत आणि एकमेकांच्या चुका काढत. सर चहा तेवढा पीत.

समोरच्या टेबलावरच्या बाई वर्षाला तीन लेख छापत. शिकवण्याचे तास सरांइतकेच, वर घरी दोन लहान मुलं.

"हिला एवढं सुचतं कुठून? माझ्याच वह्यांतून, दुसरं काय!" सर बायकोला म्हणाले.

"अहो, त्या माशांवर लिहितात."

"मासे पाण्यातच असतात ना?"



मग एकदा तास संपवून सर आले, तर वह्यांचं लाकडी कपाट उघडं आणि बाईंच्या हातात वही. सरांनी विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार केली. त्या दिवसापासून कपाटाला कुलूप, कुलपावर पांढरा धागा. रोज सकाळी सर धागा तपासत. लेख लिहायचा तर वह्या बाहेर काढाव्या लागणार, आणि काढल्या की कुणीतरी बघणारच. तीन वर्षं कपाट उघडलं नाही.

शेवटी पत्र आलं: महिनाअखेर एक लेख द्या, नाहीतर बढती विसरा. निवृत्तीपूर्वीची ही शेवटची संधी होती.

धागा शाबूत होता. सरांनी तो तोडला, कपाट उघडलं. भिंतीकडून वाळवी शिरली होती. नऊ वह्यांची नुसती माती उरली होती.

सर तसेच बाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, त्या दिवशी तुम्ही सगळं उतरवून घेतलं होतं ना? मी कुणाला काही सांगणार नाही. फक्त हो म्हणा."

बाईंनी चष्मा काढला. "नाही हो सर. वही खाली पडली होती, उचलून ठेवत होते. तेव्हाही हेच सांगितलं होतं मी."

या वेळी सरांना ते लगेच पटलं.