पत्रिकेच्या पाठीवरची पिशवी

सुधाकर गेल्याचं मला चहाच्या टपरीवर कळलं. नागभीडच्या स्टेशनाबाहेर आम्ही दोघं रोज सकाळी भेटायचो, आणि त्या दिवशी त्याला उशीर झाला म्हणून मी मनातल्या मनात शिव्या हासडत बसलो होतो. तेवढ्यात टपरीवाला नामदेव फोन कानाला लावून नुसता उभाच राहिला. "सर... सुधाकरभाऊ गेले म्हणते. झोपेतच." मी त्याच्यावरच खेकसलो. आदल्या सकाळीच तर माझ्याशेजारी बसून त्यानं बांबूचे कोवळे वास्ते विकणाऱ्या बाईचं चित्र काढलं होतं, आणि माझा अर्धा चहाही पिऊन टाकला होता.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. मी मास्तर झालो, त्यानं छोटा छापखाना टाकला. लग्नाच्या पत्रिका हा त्याचा मुख्य धंदा. उरलेल्या, चुकलेल्या पत्रिका फेकायला त्याचा जीव होत नसे. मागची कोरी बाजू तो चित्रांना वापरायचा. रोज एक चित्र, पाऊस असो की ऊन. सायकलवर आसपासच्या गावांत जायचा; कुठं धानाच्या रोवण्यात वाकलेल्या बाया, कुठं मोहफुलं वाळवणारी म्हातारी, कुठं एसटीची वाट पाहत पेंगणारा माणूस. आणि चित्र झालं की ज्याचं त्याला देऊन मोकळा. घरी एकही आणायचा नाही. "माणूस त्याचा, चित्र माह्यं कसं?" असं म्हणायचा. मी म्हणायचो, दानशूर कर्ण लागून गेला मोठा!

यातून एकदा भलताच घोटाळा झाला. तळोधीकडच्या एका शेतकऱ्याला त्यानं बैलजोडीचं चित्र दिलं. पत्रिका फक्त नवरीच्या नावात चुकलेली, लग्न अजून व्हायचं होतं. चित्र देऊन वर निमंत्रणही दिलं, असं समजून तो भला माणूस बायकापोरांसह, आहेराचं भांडं घेऊन मांडवात हजर! कोणाकडचे, कोणाला ठाऊक नाही. नवरीच्या बापानं मात्र आग्रह करकरून जेवू घातलं. सुधाकर पुढं कित्येक दिवस त्या मांडवाच्या रस्त्यानं गेला नाही.

तो बसायचाही ठरलेल्या रीतीनं. सायकल समोर स्टँडवर लावायची, आपण मागं जमिनीवर मांडी ठोकायची. हॅण्डलला निळ्या लुगड्याची पिशवी. शशिकला वहिनींनी शिवलेली, झाकणाला बटण असलेली. पहिली रेघ तो त्या पिशवीची ओढायचा. मी एकदा विचारलं, "काऊन बे, म्हशीचं चित्र काढतोस आणि पिशवी कशाला?" तर म्हणाला, "हात बसाले पाह्यजे ना. ते रोजची आहे, भेव नाई लागत."

वहिनींचा मात्र एकच राग होता. "साऱ्या गावाले काढता, मलेच नाई काढत." त्यावर याचं उत्तर ठरलेलं, "तू बसते कुठी एका जागी? उद्या काढू." तो उद्या काही आला नाही.

तो गेल्यावर त्यांनी माझ्याजवळ एकच मागितलं. त्याच्या हातचं एक चित्र, फोटोशेजारी ठेवायला. सारं घर धुंडाळलं, काही नाही. मी नामदेवकडं गेलो. त्याच्या टपरीत त्याचंच चित्र लटकत होतं. "सर, जीव मागा, पण हे नोका मागू," म्हणाला. मला असा संताप आला! तसाच माघारी फिरलो. आपल्या माणसाचं चित्र परक्याकडून मागायची वेळ आली, याचंच वाईट वाटत होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि लोक येतच राहिले. गावोगावचे. कोणी बोलावलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या हातात जुनी लग्नपत्रिका. नामदेवही आपली घेऊन आला होता, खाली मान घालून. बैलजोडीवालाही आला. सगळ्यांनी आपापलं चित्र वहिनींपुढं सतरंजीवर मांडलं. ते वाकून बघता बघता वहिनी एकदम थबकल्या. म्हशीजवळ, रोवण्यात, टपरीत... प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात सायकलचं हॅण्डल आणि त्यावर त्यांची पिशवी होती. त्यांनी एकेका चित्रावरून बोट फिरवलं. जुन्यांत पिशवीचं झाकण बंद होतं. अलीकडच्यांत बटण नव्हतं, झाकण लोंबत होतं.

"बटन तुटलं होतं," त्या म्हणाल्या. "मले सांगाचं नाई का, जी?" आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली ती बाई हमसून हमसून रडली. मलाही आवरलं नाही.

नामदेव म्हणाला, "बाई, माह्यं ठेवा तुमी." त्यांनी डोळे पुसले. "नाई भाऊ. ज्याचं त्याले राहू द्या." एकेक चित्र त्यांनी ज्याच्या त्याच्या हाती परत दिलं, तो द्यायचा तसंच.

परवा सहज गेलो होतो. वहिनी आत चहा ठेवत होत्या. सायकल ओसरीत उभी होती, हॅण्डलला पिशवी. मी जवळ जाऊन बघितलं. झाकण लावलेलं होतं, आणि निळ्या लुगड्यावर त्याच्या सदऱ्याचं पांढरं बटण होतं.