मागून गाडी आहे

बसस्टँडवरच्या कंट्रोलरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असतं आणि स्वभाव दहा मिनिटं. माझंही तसंच झालं. एकतीस वर्षं मी गाड्या लावल्या आणि सोडल्या, त्यातली शेवटची नऊ वर्षं कोहमाऱ्याला. निवृत्त होऊन बिरसीला घरी बसलो, तरी सकाळच्या चहाला पाच मिनिटं उशीर झाला की मी बायकोकडे उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे बघावं तसा बघतो. ती म्हणते, "चहा आहे जी तो, गोंदियाची गाडी नाई."

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलानं आम्हाला जहाजाची सहल दिली. नागपूरहून वीसेक माणसांचा गट, सिंगापूरपर्यंत विमान आणि मग चार दिवस जहाज. विमानाचं मला काही वाटलं नाही. गावाला लागून विमानतळ आहे, तिथे विमान शिकवणारी शाळा आहे, आणि शिकाऊ पोरं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असतात. पाण्याशी मात्र माझा संबंध धानाच्या बांधीत साचतं तेवढ्यापुरता. चार दिवस जहाजात बसून माणूस करतो काय, हे मला कळेना.

मुलानं कार्यक्रमाचा कागद पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जहाज मलेशियातल्या एका बंदराला लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार, प्रवाशांनी चारच्या आत जहाजावर परत यायचं. बायकोनं फोनवर एकच विचारलं, "हे बंदर कोणत्या शहराचं?"

"क्वालालंपूरचं," मुलगा म्हणाला.

ती उठून आत गेली ती बऱ्याच वेळानं बाहेर आली.

क्वालालंपूरला आमची पोरगी राहते. आमची म्हणजे पोटची नाही. विमान शिकायला आलेली सांगलीकडची मुलगी, आमच्या मागच्या खोलीत दीड वर्ष भाड्यानं राहिली. पहिल्या महिन्यात ती डब्याचं जेवायची, दुसऱ्या महिन्यापासून आमच्या चुलीपाशी बसून. बायकोला मुलगी नाही. त्या दीड वर्षात तिनं त्या पोरीच्या केसांना तेल लावलं, तापात उशाशी बसली, पोरीनं पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलं तेव्हा कुंपणाबाहेर उन्हात उभी राहून हात जोडले. पोरीनंही आमची बोली अशी उचलली की गावातल्या बायका हसायच्या. पुढे तिचं लग्न झालं, नवऱ्याची नोकरी तिकडची, आणि आता तिला मुलगी झाली होती. बाळ पंधरा दिवसांचं, बाळंतपण ऑपरेशननं झालेलं. जहाज लागेल तेव्हा ते जेमतेम दीड महिन्याचं होणार होतं. अशा अवस्थेत तिनं साठ किलोमीटरवरच्या बंदरावर यावं, हे आम्ही दोघांनीही तिला बोलू दिलं नाही. जायचं तर आम्हीच जायचं.

"जमते का?" बायकोनं मला विचारलं. एकतीस वर्षं हाच प्रश्न लोक मला खिडकीतून विचारायचे, पण तिनं विचारला तेव्हा मी घाबरलो.

कागद घेऊन बसलो. आठला लागणार म्हणजे आठला उतरणार नाही. गाडी फलाटाला लागली म्हणजे माणूस खाली उतरला असं होत नाही, तिथे तर हजार-दोन हजार माणसं, कागद तपासणं, रांग. एक तास गेला. टॅक्सीला सव्वा तास म्हणतात. परक्या गावात टॅक्सी शोधणं, पत्ता सापडणं, लिफ्ट चुकणं, म्हणून मी दोन धरले. परत येतानाही तेवढेच, वर अर्धा तास हाताशी. हिशेबात पोरीच्या घरी अडीच तास राहिले. अडीच तासांसाठी एवढी जोखीम? जहाज सुटलं तर परक्या मुलखात दोन म्हातारी माणसं, भाषा येत नाही.

"करून पाहू," बायको म्हणाली.

"काय करून पाहू?"

"आपलं घर म्हणजे जहाज. साठ किलोमीटरवर काय आहे, तुमीच सांगा."

साठ किलोमीटरवर कोहमारा होतं.

मला ती कल्पना मनापासून आवडली, हे मी तिला सांगितलं नाही. धान कापून झाले होते, हाताला काम नव्हतं. एका सकाळी आठ वाजता आम्ही कुलूप लावलं आणि बाहेरच्या पायरीवर पिशवी घेऊन बसलो. रांगेचा एक तास बसूनच काढायचा होता. शेजारीण धुणं घेऊन निघाली, थबकली. "काऊन जी, थंडीत पायरीवर बसून राहिले?"

"जहाजातून उतरून राहिलो, माय," बायको म्हणाली. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. दुपारपर्यंत गावभर झालं की कंट्रोलरसाहेबाचं डोकं फिरलं.

नऊला निघालो. काळीपिवळीनं गोंदिया, तिथून गोरेगाववरून जाणारी बस. सव्वाअकराला कोहमाऱ्याला उतरलो. म्हणजे पंधरा मिनिटं वाटेतच गेली. स्टँडला लागून असलेल्या ढाब्यात जाऊन बसलो, चहा आणि आलूबोंडे मागवले. आता हे पोरीचं घर.

"दीडला उठायचं," मी सांगितलं.

"सव्वादोन तास," ती म्हणाली. "पुष्कळ झाले. दोन तासात तान्हं लेकरू एक बार झोपून उठते. डोळे पाह्यले की झालं."

मग ती रस्त्याकडे बघत बसली आणि मीही बघत बसलो. रायपूरकडून ट्रक येत होते, नागपूरकडून येत होते, आणि त्या रस्त्याच्या पलीकडे ती जागा होती. आम्ही दोघंही तिकडेच बघतोय हे दोघांनाही माहीत होतं.

पोरगी बिरसी सोडून गेली तो दिवस. बायको आदल्या दिवशी सडक अर्जुनीकडे बहिणीच्या गावी गेली होती, पोरीला द्यायला चिन्नोर तांदूळ आणायला. बहिणीच्या शेतातला, शिजला की घरभर वास. पोरगी संध्याकाळी निघणार होती. पण तिच्या रेल्वेची वेळ बदलली, दुपारीच निघावं लागणार असा निरोप आला. बायको मिळेल त्या जीपनं कोहमाऱ्याला आली. जीपवाल्यानं तिला रस्त्याच्या पलीकडे उतरवलं. अलीकडे गोंदियाची गाडी लागलेली, बारा दहाची, आणि गाडी सोडणारा मी.

मी तिला पाहिलं. मध्ये ट्रकांची रांग होती, तिला रस्ता ओलांडता येत नव्हता. तिनं तांदळाची पिशवी असलेला हात वर केला. कंडक्टरनंही पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन मिनिटं, फार तर तीन. पण स्टँडवर चाळीस माणसं बघत होती आणि मी रोज त्यांना सांगायचो की गाडी कुणासाठी थांबत नाही. घरच्यांसाठी थांबवली असं कुणी म्हणू नये. मी शिट्टी मारली.

ती ओलांडून आली तेव्हा धुरळा खाली बसत होता. मी म्हणालो, "मागून गाडी आहे." हे वाक्य मी जन्मभरात किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. मागची गाडी सव्वा तासानं होती.

ती घरी पोचली तेव्हा मागच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली खिळ्याला. शेजारीण म्हणाली, पोरगी अर्धा तास गाडी थांबवून दारात उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी हलेना. शेवटी रडत गेली. तो तांदूळ नंतर आम्ही दोघांनी खाल्ला. महिनाभर बायको रोज तोच शिजवून मला वाढत होती. घरभर वास यायचा. नियमानं मी बरोबर होतो आणि मी चूक केली, हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तिला मात्र ते मी कधी म्हणालो नाही.

ढाब्यातही म्हणालो नाही. दीड वाजला, उठलो.

परतीची बस वेळेवर मिळाली, पण गोंदियात शिरताना धान विकायला आलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकामागं एक, पोती भरलेले. बस मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि मी खिडकीतून मान काढून ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडत होतो. एकानं शांतपणे विचारलं, "कायले चिल्लाते, काका? कुठी आग लागली का?"

घरी पोचलो तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"गेलं जहाज," मी म्हणालो.

बायको पायरीवर टेकली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. तिनं फोन काढला आणि पोरीला लावला. "नाई जमत, बाई. तुझे काका म्हणून राहिले ते बराबर आहे. जहाज थांबत नाई."

फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडे बाळ कुरकुरत होतं. पोरीनं त्याला 'उगी, उगी' केलं. मग म्हणाली, "असू द्या काकू. मले माहीत आहे." आणि हसली. ते हसू खोटं होतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. बसल्या बसल्या मनात आलं, मी इतके दिवस चुकीचा प्रश्न सोडवतोय. जहाज मिळेल का, हाच एक प्रश्न मी धरून बसलो होतो. स्टँडवर मी लोकांची गाडी चुकली तर पुढचं सांगायचो, तेच तर माझं काम होतं. मग जहाज चुकलं तर पुढे काय, हे मी अजून कुणाला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या सहलवाल्याला फोन केला. तो वैतागला. म्हणाला, काका, जहाजाचीच सहल घ्या ना शहराची, ती उशिरा आली तरी जहाज थांबतं. मी म्हटलं, जहाजाची बस आमच्या पोरीच्या घरी जात नाही. चुकलं तर काय ते सांगा. बरीच टाळाटाळ करून त्यानं सांगितलं: वेळेत न आलेल्या माणसाचा पासपोर्ट बंदरावरच्या माणसाकडे ठेवून जहाज निघून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलेशियातच, पेनांगच्या बंदराला लागणार. क्वालालंपूरहून पेनांगला किती वेळ, विचारलं. बसनं पाच तास, म्हणाला.

"बस आहे?"

"दिवसभर आहेत की."

मी फोन ठेवला. ओटीवर एकटाच हसलो, मग कागद घेतला आणि नीट वेळापत्रक मांडलं. आठ, नऊ, अकरा, दीड, साडेतीन, चार. सगळ्यात खाली एक ओळ लिहिली: चुकलं तर पेनांगची बस. कागद बायकोपुढे ठेवला. ती चष्मा लावून वाचू लागली. शेवटच्या ओळीपाशी थांबली.

"त्या दिवशी मी गाडी थांबवायला पायजे होती," मी म्हणालो.

ती कागदाकडेच बघत होती. "दोनच मिनिटं लागत होते जी," म्हणाली. मग उठून पेटीतून जुनी मऊ लुगडी काढली आणि बाळासाठी दुपटं शिवायला बसली. तांदूळ तिकडे नेता येत नाही, हेही मी विचारून ठेवलं होतं.

जहाज आम्हाला मिळालं, हे आधीच सांगून टाकतो. चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही आत होतो आणि सहलवाला आमच्याकडे बघून कपाळ पुसत होता.

पण त्याआधी पोरीचं घर. अकराव्या मजल्यावर, दार उघडंच ठेवलेलं. दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी पिशवी धरून उभा राहिलो. बाळ झोपलं होतं. बायकोनं मांडीवर घेतलं तरी झोपलेलंच. पोरीनं वरण-भात वाढला, बायको एका हातानं जेवली. बारा वाजले, एक वाजला. बाळ एकदा ओठ हलवून पुन्हा झोपलं. पोरगी म्हणाली, उठवू का? बायको म्हणाली, नोको, झोपलेल्या लेकराले उठवू नाई.

दीड वाजला. मी काहीच बोललो नव्हतो. बायकोनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आईकडे द्यायला स्वतःच उचललं. छत्तीस वर्षांची सवय.

"राहू दे," मी म्हणालो. "मागून गाडी आहे."

तिनं बाळ पुन्हा मांडीवर घेतलं. पोरगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. एक पस्तीसला काही झालं नाही. एक चाळीसला काही झालं नाही. एक बेचाळीसला बाळानं डोळे उघडले आणि सरळ माझ्या बायकोकडे पाहिलं.